‘ता’चं पान

अक्षरांचे पत्ते बनवताना चितोसेनं गल्लीतल्या कुणालाही सोडलं नव्हतं. दर अक्षराला एक वात्रट ओळ आणि त्या ओळीचं एक चित्र. नव्या वर्षाच्या खेळात तिनं ओळ वाचायची आणि चटईभोवती बसलेल्यांनी त्या अक्षराच्या चित्रावर झडप घालायची. ‘नि’वर तर खुद्द गल्लीचे अध्यक्षच होते:

निशिवाकींचं भाषण लांबतंय लांब,
पोटातल्या शू, जरा थांब!

खेळाआधी पत्ते तपासताना अध्यक्षांनी तोंड वाकडं करून तेवढं चालवून घेतलं. ‘ता’वर मात्र ते अडले.

तात्पुरते बहिरे टोफूवाले काका,
बायको बोलली की कानांत बोळे टाका!

“टोफूवाल्या ओकुमुरांना जाऊन दोन महिने नाही झाले,” त्यांनी ‘ता’ची ओळीचं आणि चित्राचं अशी दोन्ही पानं खिशात घातली. “काकूंसमोर वाचणार होतीस हे? लाज नाही वाटत?”

लाज वाटत होतीच. ओळ उन्हाळ्यातली, काका धडधाकट असतानाची. दुसरी ओळ तिला सुचतच नव्हती.

खेळाच्या दिवशी ओकुमुराकाकू पोराटोरांना कोपरानं ढोसत अगदी पुढे येऊन बसल्या. त्यांनी एकाही पानाला हात लावला नाही. शेवटचं चित्र उचललं गेलं तेव्हा म्हणाल्या, “‘ता’ कुठाय?”

चितोसेचं तोंड एवढंसं झालं. “नाहीये, काकू.”

“नाही कसं? तू ती ओळ त्याला ऐकवलीस आणि उन्हाळाभर त्यानं माझं डोकं उठवलं! भांडी घासताना म्हणायचा, टोफू कापताना म्हणायचा. सगळ्या गल्लीची अब्रू काढलीस, आणि माझ्याच नवऱ्याला वगळतेस? मेला म्हणून गल्लीतून नाव कापलं काय त्याचं?”

“वहिनी, तसं नव्हे, मीच...” अध्यक्ष चाचरले.

“तुम्ही होय! काढा मग. कुठं दडवलंय?”

अध्यक्षांनी निमूट खिशात हात घातला. चित्र चटईवर ठेवलं गेलं. चितोसेनं ओळ वाचली, पण आवाज चिरकला. बाकी कुणी जागचं हललं नाही. काकूंचा तळवा मात्र असा आदळला की कडेचा चहा हिंदकळला.

“परत वाच.”

तिनं वाचली.

“मोठ्यानं गं, जेवली नाहीस का?”

चितोसे बेंबीच्या देठापासून ओरडली. काकू खो खो हसल्या आणि हसता हसताच त्यांना रडू फुटलं. चित्रावरचा हात त्यांनी उचलला नाही, आणि उचला म्हणायची कुणाची छाती झाली नाही.