दुसरी ओळ

दाक्षायणीला ओव्या सुचायच्या त्या भाकरी थापताना. पहिली ओळ कशावरही यायची. मांजरावर, नळाच्या पाण्यावर. दुसरी मात्र जीव लागला तरच. तिचा नवरा बसवेश लग्नापासून शेजारच्या खोलीत पेपर वाचत हे ऐकत आलेला.

सोलापुरात विजापूर रोडला त्यांच्या मुलानं, गुरूनं, दोघांसाठी फ्लॅट घेतला आणि हॉलची मोठी भिंत कोरी ठेवली. म्हणाला, "अव्वा, ही भिंत तुझी. तुला आवडंल ते चित्र लावायचं. वास्तुशांतीच्या आत सांग."

तिला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. साड्या सासूनं निवडल्या, नंतर नणंदेनं; घराचे रंग नवऱ्यानं. तिला सगळंच 'चांगलं हाय' वाटायचं. आपल्याला काय आवडतं हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. तिनंही स्वतःला नाही.

मग जिथं जाणं होईल तिथं दोघं चित्रं बघू लागली. गुरू नोकरीला पुण्यात, त्याच्याकडं गेली तेव्हा, देवीला कोल्हापूरला गेली तेव्हा. चित्रांच्या दालनाच्या दारात ती चपला काढायची.

"आजी, राहू द्या की पायात," पहारेकरी म्हणायचा.

"असू दे बाबा. कुनीतरी जीव वतून काढल्यात."

एकेका चित्रापुढं पहिली ओळ गुणगुणायची, थांबायची, पुढं सरकायची.

वास्तुशांती तोंडावर आली तेव्हा दोघं भाचीच्या लग्नाला हैदराबादला होती. परतीच्या गाडीआधी एक दालन तेवढं बघून होणार होतं.

"हितं न्हाई जमलं तर भिंत माझी," बसवेशनं चिडवलं. "माझा फोटू लावतो, फेट्यातला."

"लावा की. पावनं दारातनंच माघारी जातील."

आत बैलांचं चित्र होतं. बसवेशचा चेहरा फुलला. "अगं, आपल्या मंगळवेढ्याचं रान हाय की हे!"

"माळावरल्या बैलाला, कुनी घातली गं झूल..." ओळ तिथंच लोंबकळली. "चांगलं हाय," ती म्हणाली. तेवढं ऐकून तो छापील प्रती विकायच्या खिडकीकडं पळाला.

ती मागच्या खोलीत गेली. तिथं एक भलं मोठं, जवळजवळ काळं चित्र. माणूस नाही, झाड नाही. खाली कोपऱ्यात अंगठ्याएवढा पिवळा ठिपका. ती पुढं गेली. परत आली. पुन्हा गेली, पुन्हा आली.

बसवेश हातात गुंडाळी नाचवत आला. "घेतलं बग बैलांचं! भिंत भरून दिसंल."

तो इतका खूश होता. एरवी ती म्हणाली असती, चांगलं हाय.

"अवो, मला ते नगं."

"आं?"

"हे पायजे."

त्यानं चित्राकडं बघितलं. "यात काय हाय? लाइट गेल्यावानी दिसतंय. पावन्यांनी इचारलं तर काय सांगायचं?"

"मला न्हाई सांगता येत. पर हेच." मग चित्राकडंच बघत ती हळू गुणगुणली,

काळ्या रानाच्या कडंला, कुनी ठिवला गं दिवा
त्येच्या उजेडात मला, माझा दिसला इसावा

बसवेशनं गुंडाळी काखेत मारली. "बदलून देत्यात का बगतो," म्हणत गेला.

आला तो काखेत दोन गुंडाळ्या आणि हातात तिच्या चपला घेऊन.

"बैल माघारी घेईनात. ऱ्हाऊ दे, माझ्या खोलीत लावतो. फेट्याशेजारी." त्यानं वाकून चपला तिच्या पायाशी ठेवल्या. "घाल. गाडी चुकंल."

तिनं एक पाय चपलेत घातला. दुसरा तसाच राहिला, नजर त्या पिवळ्या ठिपक्यावर.

"थांबा की वाईच," ती म्हणाली.