काजळीचा पान्हा

तोंडवलीच्या हौसाबाईला मुंबईला जायचं होतं. लेकीचे दिवस भरत आले होते, तिथं तिच्या हाताशी कोणी नव्हतं, आणि मालवणहून बोट सोमवारी सुटणार होती. अडवलं होतं ते एका म्हशीनं. काजळी हौसाबाईशिवाय कोणाला थेंब देत नसे. सून जानकीनं आचळांना हात लावण्याचा अवकाश, बया पान्हा चोरून दगडासारखी उभी राहायची. मुलगा जहाजावर खलाशी, त्याची मनिऑर्डर आली तर आली. घरचं मीठमिरची चालायचं ते या दुधावर.

जानकीनं सासूचं लुगडं नेसून पाहिलं. काजळीनं ते हुंगलं आणि शेपटीचा फटका तोंडावर दिला. पेंड घालून पाहिली; तेवढी मात्र खाल्ली. लोक म्हशीला मठ्ठ म्हणतात. ते लोक कधी म्हशीखाली बसलेले नसतात.

एकदा जानकी अशीच रिकामी चरवी घेऊन बसली असताना हौसाबाई गोठ्याच्या उंबऱ्यावर टेकली. गुडघे ठणकत होते. बसता बसता ती नेहमीसारखी कण्हली, "देवा रे म्हाराजा..." आणि काजळीच्या आचळांतून दूध ठिबकायला लागलं.

"आये, हिका लुगडा नको, पेंड नको!" जानकी ओरडली. "तुमी कण्हलात काय ही दूध सोडता!"

खरंच होतं. इतकी वर्षं हौसाबाई दमून तिच्याखाली बसायची, कण्हायची, मग धार काढायची. म्हशीनं त्यातून आपला धडा घेतला होता.

आता जानकी कण्हायला शिकू लागली. काजळी ढिम्म.

"दशावतारातल्या राजासारखा काय कण्हतंस गो!" हौसाबाई वैतागायची. "तिका सोंग कळता."

रविवारी दिवसभर खळ्यात भात झोडणं चाललं. हौसाबाईचे गुडघे साथ देईनात, म्हणून जानकीनंच सगळं झोडलं, वारवलं, पेंढा रचला, वर विहिरीचं पाणीही ओढलं. तिन्हीसांजेला ती चरवी घेऊन गोठ्यात गेली. ओटीवर बोचकं बांधताना हौसाबाईच्या कानावर आलं, "देवा रे म्हाराजा..." आपणच कण्हलो की काय, असं तिला वाटलं. मग चरवीत धारा वाजायला लागल्या.

हौसाबाई सावकाश उठून गेली. जानकी म्हशीच्या कुशीला कपाळ टेकून, डोळे मिटून दूध काढत होती.

"जमला, आये," ती म्हणाली. "आज सोंग नाय केलंय. आता तुमी जावा."

हौसाबाईला आनंद व्हायला हवा होता. झालं भलतंच. बावीस वर्षांची पोर, आणि म्हशीला दोघींत फरक कळेना.

"मी परत येयसर ही म्हस इकून टाक गो," ती म्हणाली.

जानकीनं डोळे उघडले नाहीत. "आणि खावचा काय?"

चरवी भरत आली होती.