नीरफणसाजवळ उतरा

दारामागच्या खिळ्यावरून जर्लिननं काचेची चौकट उतरवली, फडक्यानं पुसली आणि आतला कागद समोर ठेवून ती टाइप करू लागली. पाहुण्यांसाठीच्या त्या सूचना ऑलिव्हेटमावशीनं अकरा वर्षांपूर्वी स्वतःच्या हातानं लिहिल्या होत्या. डॉमिनिका बेट बघायला येऊन मावशीच्या दोन खोल्यांत उतरणारा प्रत्येक जण आधी त्या वाचत असे.

दुकानात, बसमध्ये, कुणाच्या अंगणात शिरताना आधी ‘बोन्जू’ म्हणून नमस्कार करा, मग काय हवं ते विचारा. किनाऱ्यावर हिरव्या, सफरचंदासारख्या फळांची झाडं आहेत. पावसात त्यांच्याखाली थांबू नका, चीक अंगावर पडला की फोड येतात. नदीचं पाणी एकाएकी गढूळ झालं तर पोहणं सोडून काठावर या.

चौथ्या सूचनेपाशी जर्लिनची बोटं थांबली.

“मावशी, ‘धबधब्याला जाताना नीरफणसाजवळ उतरा आणि उजवीकडे वळा.’ अगं, ते झाड वादळात पडून आठ वर्षं झाली!”

“कुठे होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे.”

“गावाला ठाऊक आहे. पाहुण्यांना कसं असणार? त्यांना पुढचं नीरफणसाचं झाड दिसतं, तिथे उतरतात आणि थेट युडॉक्समामाच्या अंगणात जाऊन उभे राहतात.”

“मग बिघडलं काय? कोकोचा चहा मिळतो की फुकटचा.”

“स्वतः भावाशी बोलत नाहीस आणि त्याच्याकडे माणसं पाठवतेस?”

“मी कुठे पाठवते? ती चुकतात.” मावशी कच्ची केळी सोलत राहिली. “राहू दे ती ओळ.”

नऊ वर्षांपूर्वी, त्यांच्या आईच्या दफनाच्या दिवशी, चर्चच्या पायऱ्यांवर दोघं भावंडं समोरासमोर आली आणि ‘बोन्जू’ न म्हणताच गेली. येणाऱ्यानं आधी म्हणायचं असतं. पण त्या वेळी दोघंही चालत होती, त्यामुळे चूक कुणाची यावर गावात अजूनही दोन मतं होती.

जर्लिननं ओळ बदलली. ‘लोखंडी पुलानंतर तीनशे मीटरवर उतरा.’ नवा कागद चौकटीत बसवून तिनं ती खिळ्यावर अडकवली. मावशीला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं आणि तिनं चष्मा मागितला नाही.

सोमवारी एक जोडपं धबधबा बघून आलं.

“चहा कसा होता?” मावशीनं विचारलं.

“कुठला चहा?”

मावशीनं जर्लिनकडे पाहिलं आणि त्यांच्यापुढे जेवणाची ताटं ठेवली.

एरवी पाहुणे न विचारता सांगत. त्या गृहस्थांनी दालचिनी जरा जास्त घातली होती. छप्पर एका बाजूनं नवं केलंय. डावा गुडघा बांधलेला होता. मावशी ऐकून घेई, आणि पुढच्या पाहुण्याच्या पिशवीत सांधे चोळायच्या तेलाची बाटली जाई, ‘वाटेत कुणाला लागली तर’ म्हणून.

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी कुणीच चुकलं नाही. संध्याकाळी प्रत्येकानं धबधब्याचे फोटो दाखवले. मावशीनं ते पाहिले आणि छान आहेत म्हटलं.

शुक्रवारी ती दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली.

“काय पाहतेस?” जर्लिननं विचारलं.

“फाटक कुरकुरतंय.”

शनिवारी सकाळी मावशीनं चर्चला जायची टोपी घातली. चर्च रविवारी असतं, हे जर्लिन बोलली नाही. चहाचं पाणी चुलीवर ठेवून ती खिडकीशी उभी राहिली.

मावशी फाटकाकडे निघाली तेवढ्यात मिनीबस थांबली. बसमधल्यांचा निरोप घेत युडॉक्समामा खाली उतरला, आधी उजवा पाय, मग हातानं धरून डावा. इस्त्रीचा सदरा होता. काखेत कागदात गुंडाळलेल्या कोकोच्या कांड्या होत्या. तो फाटकाकडे चालू लागला. मावशीही थांबली नव्हती. मधलं अंतर चार पावलांचं राहिलं, मग दोन.

मग फाटक उघडलं.

“पाच दिवस कुणी चुकलं नाही,” मामा म्हणाला. “म्हटलं, हिला काही झालं की काय.”

“मला काय होतंय? गुडघा का नाही बांधलास?”

“तेल संपलं.”

“मग कुणाकडून तरी सांगायचंस.”

“कुणाकडून सांगू? येत होतं का कुणी?”

मावशीनं त्याच्या काखेतल्या कांड्या काढून घेतल्या, नाकाशी धरल्या. “दालचिनी मी घालीन,” ती म्हणाली.

चहा होईपर्यंत जर्लिननं चौकट पुन्हा उतरवली आणि जुना कागद आत बसवला.

दुसऱ्या दिवशी चर्चबाहेर बायकांनी तिला घेरलं. आधी ‘बोन्जू’ कोण म्हणालं?

“पाणी उकळत होतं,” जर्लिन म्हणाली. “मला काही ऐकू आलं नाही.”