हलता कामा नये

मिस्त्रींनी बनवलेली वस्तू हलत नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. ज्यांना ठाऊक नव्हतं, त्यांना मिस्त्री स्वतः सांगत. कुणाकडे गेले की आधी टेबल दाबून बघायचे, मग माणसांची ख्यालीखुशाली विचारायचे. लोक शर्टाच्या खिशात पेन ठेवतात. मिस्त्रींच्या खिशात पाचरी असत, लाकडाच्या, लहानमोठ्या, सहा. पँटच्या खिशात पटाशी. एकदा दाढ काढायला दाताच्या डॉक्टरकडे गेले आणि त्याची खुर्ची नीट करून परत आले. दाढ तशीच राहिली.

अशा माणसाची धाकटी मुलगी स्केटबोर्ड बनवायला लागली.

बापाच्या कारखान्याचा अर्धा भाग तिने मागून घेतला होता. लाकडाचे सात पातळ थर एकावर एक चिकटवायचे, साच्यात घालून आठ तास दाबून ठेवायचे, की दोन्ही टोकं वर वळलेली फळी बाहेर निघते. पहिली फळी बघून मिस्त्री जेवले नाहीत.

"लाकूड सरळ करायला शिकण्यात माझी सात वर्षं गेली," ते बायकोला म्हणाले. "ही मुद्दाम वाकवते."

"वाकवू दे. शनिवारपर्यंतच आहे," बायको म्हणाली. "नाहीतर माझा भाऊ बसलाच आहे खुर्ची धरून."

हे खरंच होतं. मामाने आपल्या विम्याच्या ऑफिसात भाचीसाठी एक खुर्ची राखून ठेवली होती आणि तो तिच्यावर पाहुण्यांनाही बसू देत नव्हता. घरात ठरलं होतं ते असं: शनिवारी खेळांच्या सामानाच्या दुकानदाराने वीस बोर्डांची ऑर्डर दिली तर धाकटीचा धंदा, नाही दिली तर एक तारखेपासून खुर्ची. धाकटी ती खुर्ची एकदा बघून आली होती. "हलत नाही," ती घरी येऊन म्हणाली, आणि ते कौतुक नव्हतं. खुर्ची अर्थात मिस्त्रींनीच बनवलेली होती.

शुक्रवारी दुपारी नमुन्याचा बोर्ड चाकं लावून तयार झाला. "बाबा, हात लावू नका हं," असं बजावून धाकटी स्टिकर आणायला गेली. मिस्त्रींनी हात लावला नाही. एक बोट ठेवलं.

बोर्ड डुगडुगला.

त्यांनी दुसऱ्या कडेला बोट ठेवलं. तिकडेही तेच. चाकांचा दांडा जिथे फळीला जोडला होता, तिथे पोरीने चक्क रबर घातलं होतं! उद्या दुकानदार हात ठेवणार, बोर्ड हलणार, आणि पोर जाणार विम्यात. त्यांनी दाराकडे बघितलं, रंधा ओढला आणि रबरांशेजारच्या फटींच्या मापाच्या चार पाचरी तासल्या. गोंद लावून ठोकल्या, वर काळा रंग दिला. बोर्ड दगडासारखा झाला. मुलीला त्यांनी काही सांगितलं नाही. केलेली मदत बोलून दाखवणाऱ्यातले ते नव्हते.

शनिवारी सकाळी धाकटी हेल्मेट घालून दुकानासमोर उभी राहिली. रस्ता जरा उताराचा, तीस पावलं सरळ, मग डावीकडे वळण. वळणावर न्हाव्याचं दुकान.

"तुम्ही वळण बघा," ती दुकानदाराला म्हणाली. "आपण झुकलो की हा आपोआप वळतो."

"मजबुती बघा," मिस्त्री म्हणाले.

धाकटी निघाली. वळणाशी आली, डावीकडे झुकली. बोर्ड सरळ. ती आणखी झुकली. शेवटी तिचा कान गुडघ्याला लागायचा बाकी राहिला, पण बोर्ड आपल्याच विचारात. तो न्हाव्याच्या पायरीला धडकून थांबला. धाकटी थांबली नाही. ती आत बाकावर, दोन गिऱ्हाइकांच्या मधे नेमकी जागा होती तिथे, जाऊन बसली.

"तिसरा नंबर," न्हावी वर न बघता म्हणाला. "टोपी काढून बसा."

धाकटीने बाहेर येऊन बोर्ड उलटा केला. पाचरी इतक्या सफाईने बसल्या होत्या, की चौकशी करायची गरजच नव्हती.

"बाबा."

"हलत होता."

"हलायलाच हवा तो! हलतो म्हणून वळतो! मग रबर काय मी हौसेने घातलंय?"

मिस्त्रींनी थोडा विचार केला. "मला वाटलं, चुकून राहिलं असेल."

"चुकून चार रबरं?"

"पहिलंच काम. होतं असं."

धाकटीने एकदा दुकानदाराकडे बघितलं. तो घड्याळ बघत होता. "मामाला फोन करते," ती म्हणाली. रागाने म्हणाली असती तर मिस्त्रींना चाललं असतं. ती अगदी शांतपणे म्हणाली.

मिस्त्री न्हाव्याच्या पायरीवर बसले आणि पटाशी काढली. स्वतःचा गोंद स्वतःच्या विरोधात उभा राहण्याची ही पहिलीच वेळ. आत दोन दाढ्या झाल्या तेव्हा चौथी पाचर निघाली, आणि मिस्त्रींचा चेहरा ती राहिलेली दाढ निघाल्यासारखा झाला.

धाकटी पुन्हा निघाली. वळली. परत आली, उलटं वळली. दुकानदार खूश होऊन पुढे आला आणि त्याने बोर्डावर हात ठेवून दाबला.

"हलतो की हो."

"हलायलाच हवा," मिस्त्री पडेल आवाजात म्हणाले.

"मला पटलं. पण पोरांना बोर्ड घेऊन देणार बाप, आणि बाप आधी हाच हात ठेवणार." दुकानदाराने आपल्या काउंटरकडे बोट दाखवलं. तेही मिस्त्रींचंच काम. "मिस्त्री, तुम्ही उभे राहिलात ना याच्यावर, तर कुठलाही बाप राहील. घेतो मी वीस."

धाकटीने हेल्मेट काढून पुढे केलं. मिस्त्रींनी ते घातलं आणि एक पाय बोर्डावर ठेवला.

"हलतोय."

"हलू द्या."

मिस्त्रींचा हात खिशाकडे गेला. धाकटीने तळहात पसरला. त्यांनी सहाच्या सहा पाचरी काढून तिच्या हातावर ठेवल्या आणि दुसरा पायही वर घेतला.

थांबवायचं कसं, हे विचारायचं राहिलं.

बोर्ड उताराला लागला. वळण आलं तेव्हा मिस्त्री भीतीने डावीकडे झुकले, आणि बोर्ड लोण्यासारखा वळला. न्हावी वस्तरा घेऊन बाहेर आला. "वळतोय गं!" एवढं मिस्त्रींचं ऐकू आलं, मग तेही नाही.

दुकानदाराने ऑर्डरची वही उघडली. "अठरा लिहितो."

"वीस म्हणाला होतात."

"दोन ते परत आल्यावर."

अर्ध्या तासाने मिस्त्री उलट्या बाजूने चालत आले. बोर्ड काखेत, हेल्मेट तिरकं, डाव्या पायातला मोजा खाली उतरलेला.

"लागलं का कुठे?" धाकटी धावली.

"नाही. बागेतल्या बाकाला धरून थांबलो. हलत होतं."

"बाबा, पाचरी तर माझ्याकडे आहेत."

"एक मोज्यात असते," मिस्त्री म्हणाले.

दुकानदाराने अठरा खोडले आणि वीस केले.