रोजची एकच गोळी

लोक गोळ्यांची अख्खी पट्टी नेतात, मी रोज एकच न्यायची. गुडघेदुखीची. मेडिकलवाला प्रदीप म्हणायचा, "धुरपदामासी, एकदम घेऊन जा ना, रोज कशाला पाय ओढत येता?" मी म्हणायची, "तुला काय करायचंय? पाय माझे!" आता खरं सांगते, मी गोळीसाठी जातच नव्हते. कात्रीनं पट्टीतली गोळी कापता कापता तो विचारायचा, "मासी, जम्या?" म्हणजे गुजरातीत, जेवलात का. सुरतेच्या अख्ख्या लिंबायतमध्ये मला हे विचारणारं दुसरं कोणी नव्हतं.

आमचे हे गेले, मुलगा योगराज बायकोपोरं घेऊन हजीऱ्याला राहायला गेला. मी दिवसभर मांडी घालून साड्यांवर टिकल्या चिकटवते, गुडघ्यांचं पार भुस्कट झालंय. आणि एकटीसाठी भाकरी कोण थापणार, मायवं! चहात खारी बुडवली की झालं. प्रदीपला मात्र थाटात सांगायची, "हो रे, भरीत-भाकरी केली होती." कधी शेवभाजी, कधी कढी-खिचडी. ही गोळी उपाशीपोटी घेऊ नका, पोटात जखम होते, असं तो बजावायचा. ऐकतंय कोण! पोटात आग पडायची तरी मी चकार शब्द काढला नाही. बोलले असते तर गोळी बंद, आणि तिच्याबरोबर विचारणंही बंद.

मग एका सकाळी शौचाला डांबरासारखं काळं झालं. डोळ्यांपुढे अंधारी आली. भिंत धरत धरत दुकान गाठलं आणि सांगून टाकलं, "जेवत नव्हते रे मी. रोज खोटं सांगत होते."

प्रदीपचा चेहराच उतरला. "मासी, हे आतलं रक्त आहे," म्हणाला आणि रिक्षा थांबवली, योगराजला फोन लावला.

दवाखान्यात रक्त चढवलं. ही गोळी आता जन्मात घ्यायची नाही, दुखलं तर आधी मला विचारायचं, असं डॉक्टरीणबाईंनी दम देऊन सांगितलं. योगराज म्हणाला, "आई, फोन तरी करायचा!"

"उचलायचा तरी!" मी म्हटलं. चार दिवसांनी तो मला घरी सोडून शिफ्टला निघून गेला.

दुसऱ्या दिवशी मी मुगाचं वरण लावलं, मऊ भात केला, एकटीचं ताट वाढून घेतलं. रडू यायला लागलं. तरी जेवले. मग गुडघे धरत दुकानात गेले.

मला बघताच प्रदीपनं दुरूनच हात हलवला. "नाही मासी, गोळी मिळणार नाही."

"गोळी कोण मागतंय मेल्या! ते रोजचं विचार ना. आज खरं सांगायचंय."