आडवा ठेवलेला ग्लास

माझ्या एसटीडी बूथमध्ये लोक काचेचं दार लावून घेतात आणि समजतात, बाहेर काही ऐकू येत नाही. सातपूरच्या आमच्या कॉलनीत असा एकही संसार नाही, ज्यातलं मला ठाऊक नाही. मी मुद्दाम कान देत नाही. माणसंच ओरडून बोलतात, त्याला मी काय करू?

कॉलनीतल्याच आशाचा नवरा गोरक्ष. इथली कंपनी बंद पडली तेव्हा वेल्डिंगच्या कामाला मस्कतला गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. दर शुक्रवारी, त्याच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी माझ्या बूथवर त्याचा फोन यायचा. आशा आणि तिची पोरगी सरिता आधीपासून बाकावर येऊन बसलेल्या असायच्या. सरिता भरभर बोलायची. मग आशा रिसीव्हर घ्यायची आणि म्हणायची, "बरंय इकडं. जेवला का? तब्येतीला जपा." संपलं. आठवडाभर वाट पाहायची ती एवढ्यासाठी. मला भारी राग यायचा. चांदवडच्या सासूनं तिला बजावून ठेवलं होतं, परमुलखातल्या माणसाला 'या' म्हणायचं नाही, त्याचं हातातल्या कामावरून मन उडतं. ही बाई ते पाळत होती आणि फोन ठेवल्यावर पदरानं डोळे पुसत होती.

नव्व्याण्णव सालच्या दिवाळीनंतर त्याचं काँट्रॅक्ट संपत आलं. पुन्हा सही केली तर आणखी दोन वर्षं, नाहीतर घरी. आशाला तो घरी हवा होता. हे मला कळत होतं, सरिताला कळत होतं, फक्त ज्याला कळायला हवं त्याला कुणी सांगत नव्हतं.

त्याच सुमारास सरितानं शाळेचा प्रयोग माझ्या टेबलावर आणून ठेवला. काचेच्या ग्लासात ओला टीपकागद, आणि काच व कागदाच्या मध्ये वालाचे दाणे. घरी उंदीर खातात म्हणून इथं. मी कुरकुरले, पण पाणी रोज मीच घालत होते. मूळ खाली निघालं की सरिता ग्लास आडवा करायची. दुसऱ्या दिवशी बघावं तर मुळाचं टोक पुन्हा जमिनीकडे वळलेलं. पुन्हा आडवा, पुन्हा तेच. मुळाची पार जिलबी झाली, पण वाट काही चुकली नाही.

"त्याला कसं कळतं गं?" मी विचारलं.

"मुळाच्या टोकात बारीक बारीक कण असतात, मावशी. ते वजनानं खालच्या बाजूला जाऊन बसतात. मग मूळ तिकडं वळतं. अंधारातपण."

शुक्रवारी तिनं हे सगळं बापाला सांगितलं. पुढच्या शुक्रवारी तिकडचं ऐकून ती आईला म्हणाली, "मम्मी, पप्पांनीपण हरभरे लावलेत. रोज आडवे करतात. रोज वळतात म्हणे."

आशानं रिसीव्हर घेतला. बरंय म्हणाली. जेवला का म्हणाली. मग काचेतून तिनं माझ्या टेबलावरच्या ग्लासाकडे पाहिलं.

"त्या हरभऱ्याला आता आडवं करू नका," ती म्हणाली. "लय झालं. त्याला जायचं तिकडं जाऊ द्या. आन् तुम्हीपण या. सही करू नका. मला नाय करमत तुमच्याबिगर."

मग बराच वेळ ती नुसती ऐकत राहिली. बाहेर आली तेव्हा मी विचारलं, काय म्हणाला. विचारू नये, पण विचारलं.

"सही कालच झाली म्हणे," आशा म्हणाली. "त्यांचं म्हणणं, 'तू कधी या म्हणलीच नाय. मला वाटलं, तुमचं दोघींचं माझ्यावाचून भागतंय.'"

सरितानं ग्लास सरळ उभा करून ठेवला. मला त्या सासूचा, गोरक्षचा, आशाचा, सगळ्यांचा राग आला आणि रडूही आलं.

आता तो वाल मी डब्यात लावलाय, वेल बूथच्या दारावर चढलाय. फोन अजून शुक्रवारीच येतो. आशा रिसीव्हर कानाला लावते आणि आधी म्हणते, "या." मग विचारते, जेवला का.