आनंदाच्या पायाखालची पेटी

“पेटीवर पाणी पडणार म्हणजे पडणार! पंधरा वर्षांची रीत आहे आमची!”

“मग पेटी माझ्या बगलेत नि मी माझ्या टपरीत. वाजवा तुमची रीत!”

चौऱ्याऐंशी सालची गोष्ट. रत्नागिरीच्या मैदानावर, भरदुपारी, अर्धवट बांधलेल्या स्टेजवर ही जुंपली होती. एका बाजूला ‘सागरतारा ऑर्केस्ट्रा’चे मालक महिपतराव, हातात सोललेला नारळ. दुसऱ्या बाजूला सोनूबाई, वय सत्तरीच्या घरात, पदर कमरेला खोचलेला. आणि मधे आनंदा गिटारवाला, एकदा यांच्याकडे बघतोय, एकदा तिच्याकडे.

सोनूबाईच्या बगलेतली ती पेटी मी. आनंदाची पायपेटी बोलतेय; हार्मोनियम नव्हे, गिटारवाल्यानं पायानं दाबायची बटणांची पेटी. नीट ऐका, दोनदा सांगायची मला सवय नाही.

गिटार वाजवणाऱ्याचे दोन्ही हात तारांत अडकलेले असतात. आवाजाचा रंग बदलायचा तर उरतो पाय. म्हणून मी. माझ्यावर दोन बटणं. एक दाबलं की गिटार विहिरीत वाजल्यासारखी घुमते. दुसरं दाबलं की आवाज फाटून चिरत वर चढतो आणि पोरं शिट्ट्या मारतात. टाळ्या आनंदाला, लाथा मला. तक्रार नाही. काम माझं आहे आणि ते मी छाती काढून करते.

माझा जन्म मुंबईतल्या एका गल्लीतला. पातळ पत्रा, प्लास्टिकची बटणं, वर चकचकीत लाल रंग. दिसायला नटी, अंगात काडीचा दम नाही. आनंदा मिरकरवाडा बंदरातल्या बर्फाच्या कारखान्यात कामाला. त्यानं मोठ्या हौसेनं मला गावी आणलं, कोळीवाड्यात घरोघर दाखवलं. आणि आंजर्ल्याच्या पहिल्याच कार्यक्रमात नाचणारीचा पाय माझ्या वायरीत अडकला, वायर मुळासकट उपटली, गिटार मुकी.

माणसांची एक खोड मी पाहून ठेवली आहे. वस्तू अडली की आधी तिला थोबाडतात, मग फुंकर घालतात, मग पुन्हा थोबाडतात. उघडून बघायचं कुणाला सुचत नाही.

सोनूबाईला सुचलं. बंदराच्या रस्त्यावर तिची टपरी, मासळीच्या ट्रकांचं वायरिंग करायची. टपरी मूळ तिच्या नवऱ्याची, भिकाजीची. तो गेल्यावर लोक म्हणाले, विकून टाक, बायामाणसाचं काम नव्हे. ती मेलेले डायनॅमो उघडत बसली. उघडायची, जोडायची, चुकायची, झटका खायची. वर्षाच्या आत ट्रकवाले तिच्या दारात रांग लावून उभे. शिकवलं कुणी? कुणी नाही.

मला हातात घेऊन ती म्हणाली, “हे काय खेळणं आणलंस, मेल्या?”

“मावशे, मुंबईचं आहे.”

“म्हणून काय झालं? मुंबईला जाऊन माणसंसुद्धा बारीकच होऊन येतात.”

तिनं माझी प्लास्टिकची बटणं कचऱ्यात टाकली. त्या जागी बसवले दोन डिपर. ट्रकात डायव्हरच्या पायाशी लोखंडी बटण असतं ना, समोरून गाडी आली की दिवे खाली करायचं, ते. बुटानंच दाबायचं म्हणून बनवलेलं. वायरीला पेटीच्या आत गाठ मारून वर लोखंडी पट्टी आवळली. आता कुणी वायर ओढली तर झटका गाठीला बसतो, कथलाचा डाग दिलेल्या जोडाला नाही.

आणि सगळ्यांत मोठी गोष्ट वेगळीच. तिनं आनंदाला विचारलं, “हॉर्नचा सगळा करंट बटणातनं जातो काय? नाय. बटण नुसतं सांगतं, काम पाठीमागचा रिले करतो. मग तुझ्या गिटारचा आवाज कशाला लोकांच्या पायाखालनं फिरवतोस?”

तसाच एक रिले, म्हणजे हुकूम मिळाला की आवाज फिरवणारी डबी, तिनं बसवला मागे, अॅम्प्लिफायरपाशी, सुरक्षित जागी. तेव्हापासून सूर माझ्यातून जातच नाही. मी फक्त हुकूम सोडते. नटीची मी मुकादम झाले, आणि खरं सांगते, मला तेच शोभतं.

तरीही केळशीला घात झाला. दोन गाणी झक्क झाली. तिसरी अंगाई. नेमकं माझं फाटक्या आवाजाचं बटण खाली दबलं ते वरच येईना. बाई गाते ‘नीज रे’, आणि गिटार किंचाळते. प्रेक्षकांतून एकजण ओरडला, “अरे, पोर मुतलं माझं!” सगळं मैदान हसलं.

महिपतराव हसले नाहीत. “पुढल्या वेळी असं झालं तर मुंबईहून गिटारवाला आणीन,” ते आनंदाला म्हणाले. “तू आपला बर्फ फोड.”

बर्फ फोडायची आनंदाला लाज नव्हती. पण आठवड्यातला कार्यक्रमाचा तो एकच दिवस त्याचा स्वतःचा होता. त्या दिवशी त्याला कुणी ‘ए बर्फवाल्या’ म्हणत नसे. परतताना त्यानं मला मांडीवर घेतलं होतं आणि वाटभर तो ते अडलेलं बटण अंगठ्यानं उचकून बघत होता.

सगळे म्हणाले, खारी हवा, दुसरं काय. सोनूबाईला ते पटेना. “मासळीच्या ट्रकात डिपरवर खारं पाणी दिवसरात्र गळतं, तरी तो धा वर्षं चालतो,” असं म्हणत तिनं मला उघडलं. आत लाल मुंग्यांची रांग.

“खाऱ्याला मुंग्या लागतात काय रे, आनंदा?”

तिनं बटणाच्या दांड्यावर बोट फिरवलं आणि जिभेच्या टोकाला लावलं. गोड! “कार्यक्रमाच्या आधी हिच्याजवळ कोण कोण येतं ते सांग,” ती म्हणाली. आनंदानं सांगितलं. महिपतराव नारळ वाढवतात, प्रत्येक वाद्यावर पाणी शिंपडतात. मी स्टेजच्या अगदी पुढच्या कडेला, म्हणून करवंटीत उरलेलं सगळं माझ्या डोक्यावर उपडं करतात. ते पाणी फटीतून आत जातं, सुकतं, चिकट होतं, आणि बटण धरून ठेवतं.

सोनूबाईनं मला रॉकेलनं धुतलं. जुन्या ट्यूबचं रबर कापून दोन्ही बटणांना टोप्या घातल्या. मग म्हणाली, “टोपी आज ना उद्या फाटेल. त्याच्या आधी माणूस सुधारला पाहिजे.” आणि मला बगलेत मारून तडक रत्नागिरीच्या त्या मैदानावर आली, जिथं ही जुंपली.

त्याला चार वर्षं झाली. आता माझा लाल रंग उडालाय, एक कोपरा चेपलाय, रबराच्या टोप्या दोनदा बदलल्या. पण त्या दिवसापासून मी एकदाही अडलेली नाही. लग्नं झाली, जत्रा झाल्या, गणपती झाले. केळशीच्याच मैदानावर तीच अंगाई वाजली आणि पोरं झोपली. आनंदा अजून त्याच जागी उभा राहतो. सोनूबाई वर्षातून एकदा मला उघडते, हुंगते, बंद करते. तुम्हाला माझं सांगणं एवढंच, की पायाखालची वस्तू अडली तर तिला लाथ घालण्याआधी वाकून बघा.

भांडण कसं मिटलं ते राहिलंच.

महिपतराव वाईट माणूस नव्हे. पडदा सरकताना ते चपला काढतात, घालतात, पुन्हा काढतात, ते मला खालून दिसतं. नारळाशिवाय त्यांना धीर येत नाही. पण त्या दुपारी ते हट्टाला पेटले. “ज्या वाद्याला देवाचं पाणी सोसत नाही ते माझ्या स्टेजवर नको,” ते म्हणाले, “नि त्याचा धनीही नको! आनंदा, गिटार उतरव.”

आनंदानं गळ्यातला पट्टा काढला. वाद्यवाले माना खाली घालून उभे. सोनूबाई मात्र महिपतरावांना पायापासून वर न्याहाळत होती. उजव्या हातात नारळ. डाव्या हातात त्यांचा लाडका माईक, आणि त्यावर पाण्याचा थेंबही उडू नये म्हणून घट्ट गुंडाळलेला पांढरा रुमाल.

तिनं मला बगलेतून काढलं, त्यांच्या पायाशी ठेवलं, आणि म्हणाली, “महिपता, आधी त्या माईकवरचा रुमाल सोड, मग माझ्या पेटीवर पाणी शिंप.”